गुप्त गिऱ्हाईक

साखळी-रेस्टॉरंटांना हल्ली गुप्त गिऱ्हाईक लागतं. साध्या माणसासारखं जायचं, पिझ्झा मागवायचा. पोऱ्या हसला का, किती मिनिटांत आणलं, संडासात साबण होता का, हे मनात टिपायचं आणि घरी येऊन लांबलचक फॉर्म भरायचा. बदल्यात खाल्ल्याचे पैसे परत, वर थोडं मानधन. तेही मागाहून, बिल हरवलं तर रामराम.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तर्री-पोहेवाल्याला या हेरगिरीचं हसू येईल. त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाईक उघड तपासनीस. ‘भाऊ, आज तर्री पातळ झाली ना जी,’ हा अहवाल प्लेट हातात असतानाच सादर होतो. भाऊ वर न बघता चण्याच्या तर्रीचा आणखी एक डाव पोह्यांवर ओततो. मोबदला जागच्या जागी, तोही तिखट. हसत मात्र नाही. तेवढे गुण कापावे लागतील.