नगरचा खजिना नगरकरांना दाखवा

अहमदनगरच्या निजामशाहीचा जामदारखाना १६०० साली गेला. मोगलांनी किल्ला घेतला तेव्हा जवाहीर, ग्रंथसंग्रह, हत्ती, सगळं अकबराकडे रवाना झालं. त्याबद्दल आज कुणावर फिर्याद करता येत नाही. पण जे उरलं आहे, ते कुठे आहे आणि ते नगरकरांनी कधी पाहायचं, हे विचारायलाच हवं.

१५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमीने अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे. निजामशाही दरबारातली अप्रतिम व्यक्तिचित्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१५ साली दख्खनच्या सुलतानांवर मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात अहमदनगरची कला जगाने पाहिली. नगरच्या शाळकरी पोरांनी मात्र ती पाहिलेली नाही.

आणि सगळ्यात मोलाची वस्तू तर पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहावर रचलेलं हे फारसी काव्य. हुसेनशहा म्हणजे तालिकोटच्या लढाईतला. हस्तलिखित १५६५ ते १५६९ च्या दरम्यानचं, आणि त्यातली १२ चित्रं शिल्लक आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. या चित्रांत हुसेनशहाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून काढलेली होती. त्या काळात बादशहाच्या बरोबरीने राणीला चित्रात बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. हुसेनशहा गेला, मुलगा लहान होता, राणीने कारभार हाती घेतला. १५६९ साली त्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैद केलं. चित्रांत आता बहुतेक ठिकाणी राणीच्या जागी पुसलेला, रंग फासलेला डाग दिसतो. तिच्या पतनाशीच अभ्यासक त्याचा संबंध लावतात. या राणीची मुलगी म्हणजे चांदबिबी. लेकीचं नाव नगरच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. आईचं नाव किती शिक्षकांना सांगता येईल? शाळेच्या सहली ‘चांदबिबी महाला’वर जातात, आणि तो सलाबतखानाचा मकबरा आहे हे सांगायलाही अनेकदा तिथे कुणी नसतं.

‘अशा वस्तू आणणं सोपं नसतं’ हे उत्तर आता चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं उसनी आणून साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. २०२५ साली लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सरकारने विकत घेतली. दोन्ही कामं चांगली झाली. मग पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तेवढं अंतर ही १२ चित्रं साडेचारशे वर्षं जुनी असूनही त्यांना काटता येईल, जर त्यांच्यासाठी योग्य जागा केली तर.

जागा आहे. फराहबाग. तलावाच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात सुरू झालेला आणि मधे पाडून पुन्हा उभारून १५८३ साली मुर्तजाच्या कारकिर्दीत पुरा झालेला. खापरी नळांनी दूरवरून पाणी आणून राजधानी भिजवणाऱ्या लोकांनी तो बांधला. आज दालनं रिकामी, गिलावा गळालेला. त्याच परिसरात लष्कराने १९९४ साली रणगाड्यांचं संग्रहालय सुरू केलं. १९६५ च्या युद्धातला पॅटन रणगाडा तिथे बघायला मिळतो, माहितीचा फलक असतो, लांबून माणसं येतात. म्हणजे नगरला संग्रहालय चालत नाही असं नाही. चालवणारा लागतो.

कुणी म्हणेल, निजामशाहीचं कौतुक कशाला? कारण मालोजीराजे आणि शहाजीराजे याच दरबारात वाढले. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथेच पडले. हा इतिहास वगळला तर मराठ्यांच्या इतिहासाचं पहिलं पानच फाटतं. आणि जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं, त्या चौंडीच्या अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत पडकी ठिकाणं उभी केली. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात एक महाल पडका राहावा, हे मला सहन होत नाही.

मागणी मोठी नाही. फराहबागेचं छत, गिलावा आणि पाणी आधी दुरुस्त करा. जुन्या कागदाला ऊन आणि दमट हवा मारते, म्हणून एकच दालन बंदिस्त, तापमान सांभाळणारं करा. ‘तारीफ’ची पानं पुण्याच्या मंडळाकडे रीतसर मागा, वर्षातून तीन महिने, उरलेले नऊ महिने तिथे उत्तम प्रतिकृती लावा. पॅरिसच्या चित्रांच्या छापील प्रती मागवा. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाशी नातं जोडा. फलक मराठीत लिहा, आणि पुसलेल्या राणीच्या चित्राखाली तिचं नाव ठळक घाला. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या पानावर यायला हवा. पालकमंत्र्यांना तो कुणी विचारणार नसेल, तर नगरच्या इतिहासाच्या शिक्षकांनी सह्यांचं निवेदन घेऊन जावं.