सिमला आता पूर्वीचं राहिलं नाही

बऱ्याच वर्षांनी सिमल्याला गेलो. इंग्रजांनी १८६४ साली इथे उन्हाळी राजधानी आणली ती उकाड्याला कंटाळून. आता सारा उत्तर भारत त्याच कारणाने, आणि एकाच वीकेंडला, इथे येतो. १९०३ सालची कालका-सिमला गाडी रमतगमत चालते म्हणून लोक हसायचे. खालच्या रस्त्यावर तुंबलेल्या मोटारी पाहिल्या की आता तीच एक्स्प्रेस वाटते. उतारावर हॉटेलं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. 'व्हॅली व्ह्यू'चे जादा पैसे मोजले की समोरच्या हॉटेलात वाळत घातलेली बनियनं दिसतात. २०१८ च्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, तेव्हा 'येऊ नका' असं स्थानिक लोकच पर्यटकांना विनवत होते. आपण ऐकणारे थोडेच! जाखू टेकडीवरचा १०८ फुटी मारुती सगळं बघतो आहे. द्रोणागिरी उचलणाऱ्याने हा डोंगर अजून जागेवर ठेवला, हे उपकारच. रिजच्या मोकळ्या चौकात एक मराठी काका म्हणाले, "फार गर्दी झाली हो!" मीही जोरात मान डोलावली. गर्दी म्हणजे नेहमी दुसरेच. तेव्हा वाचकहो, सिमल्यावर खरंच प्रेम असेल तर यंदा मे महिन्यात घरीच बसा. कसं आहे ते मी जाऊन कळवतो.