अक्कांची थार, आमची सायकल

आमच्या आणि अक्कांच्या घरामधली भिंत कमरेएवढी. उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया वाळतात, पावसाळ्यात मांजर बसतं आणि हिवाळ्यात, साडेदहाच्या उन्हात, आम्ही दोघी कोपरं टेकतो. गेले चार महिने मात्र भिंतीवर नुसतं मांजरच होतं. भांडण जागेचं नाही, पाण्याचं नाही; भांडण चाकांचं. अक्कांच्या पुतण्यानं जुनी थार घेतली, आमच्या धाकट्यानं गिअरची सायकल घेतली, आणि अख्ख्या गेवराईत दोघांना फिरायला सापडला तो एकच माळ, कालव्याच्या पलीकडचा.

संक्रांत झाली आणि परवा अक्कांनीच तुरीच्या शेंगांचं सूप भिंतीवर आणून ठेवलं. "बाई, सोलू लागा जरा." आमच्याकडं समेट असाच होतो. माफी कोणी मागत नाही, शेंगा पुढं सरकवतात.

"पोरं बोलायलीत म्हणं एकमेकांशी?" मी विचारलं.

"बोलायलीत? अय बाई, काल एका ताटात जेवली. तुमच्या पोराला आमचं कालवण तिखट लागलं, पण मुकाट्यानं खाल्लं."

मग जुनं निघालंच. भाद्रपदात पाऊस उघडून दोन दिवस झाले नसतील, तोच थार माळावर गेली. ओल्या मुरमात रुतली, फिरली, चिखल उडवला, मोबाईलवर शूटिंग झालं. ऊन पडल्यावर त्या खुणा वाळून दगडासारख्या झाल्या. पुढं आमचा धाकटा पहाटे सायकल घेऊन उताराला लागला आणि चाक नेमकं त्याच चाकोरीत अडकलं. कोपर सोललं, पुढची रिम वाकडी. मी स्वतः जाऊन पाहिली ती चाकोरी. हात घातला तर मनगट बुडून वर चार बोटं. तळाशी पाणी साचून वाळलेलं, त्यावर मातीच्या खपल्या, आणि दोन्ही बाजूंचं गवत मुळासकट उपटलेलं. तेव्हा मी भिंतीवरून बोलले ते जरा जास्तच बोलले. म्हणलं, चाकोरी सोडायची हौस म्हणून गाडी घेतली आणि माळावर नवी चाकोरी पाडून ठेवली.

"तेच लागलं मला," अक्का म्हणाल्या. "पण बाई, खरं सांगू का, तुमच्या सायकली तरी काय हवेत चालत्यात? उतारावर करकचून ब्रेक मारायचा, माती खरडायची. पावसाचं पाणी त्याच रेघेनं उतरतंय. मी बघून आले ना, तिथं ओघळ पडलाय."

ओघळ पडलाय, हे खरं होतं. मी एक शेंग सोलली.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे आमचा धाकटा धापा टाकत परत आला. माळाच्या कडेची टेकाडी अर्धी नव्हती. पोकलेननं कापलेली, केक कापावा तशी, आणि तीन हायवा रांगेत. गोदेची वाळू नेणाऱ्या हायवा आपल्या तालुक्याला नव्या नाहीत, राक्षसभुवनापासून खाली सगळा काठ त्यांना ओळखतो. पण मुरमासाठी आपल्या डोळ्यांदेखत टेकाडी जाते म्हणल्यावर पोरगं हबकलं. आणि फोन कोणाला केला? मला वाटलं वडिलांना करेल. केला अक्कांच्या पुतण्याला! दहा मिनिटांत थार तिथं. एकानं फोटो काढले, दुसऱ्यानं हायवांचे नंबर लिहून घेतले. भाद्रपदापासून एकमेकांकडं न बघणारी ही कार्टी.

इथं आमच्या ह्यांनी पेपरामागून तोंड काढलं. महसुलात आयुष्य गेलेला माणूस. "गौण खनिज. जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 48. पोटकलम 7 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, पोटकलम 8 खाली वाहन जप्त." आणि परत पेपरात. जन्मभर हा माणूस सासरच्या लग्नात दोन शब्द बोलला नाही, पण कलम विचारा. त्यांनीच मग अर्ज लिहून दिला. खाली दोन्ही पोरांच्या सह्या. थारवाल्याची आधी की सायकलवाल्याची, ह्यावरून तिथंही कुरबूर झाली म्हणे.

"आमचा सॉल्ट लेकचा भाचा आहे ना," अक्कांनी सूप माझ्याकडं सरकवलं, "दत्तजयंतीला फोन आला तवा त्याला पुतण्यानं सगळं सांगितलं. तो म्हणला, मामी, आमच्याकडं हे भांडण जुनंय."

तिकडं अमेरिकेत, त्याच्या युटामध्ये मोआब नावाचं गाव आहे म्हणे. गावाबाहेर उघडा वालुकाश्म, लाटांसारखा, मैलोन् मैल. त्यावर 1969 मध्ये मोटारसायकलवाल्यांनी एक वाट आखली, दगडावरच पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून. पुढं सायकली आल्या आणि आज जग त्या वाटेला सायकलची वाट म्हणून ओळखतं. मोटारसायकली अजून चालतातच. तिथल्या जागेवर प्रवेश फी घेतात आणि तिची देखभाल केंद्राचं जमीन खातं आणि जिल्हा मिळून करतात. कॅलिफोर्नियात तर 1971 पासून कायदाच आहे: रस्ता सोडून गाडी चालवायची तर नोंदणी करा, फी भरा, आणि त्या पैशातून वाटा दुरुस्त करा.

"पण पटलं कसं त्यांचं?" मी विचारलं. पटण्याचं मला कायमच नवल वाटतं.

"सरकारनं पटवलं. 1964 ला त्यांनी रानं राखायचा कायदा केला. त्या रानात इंजिनाला बंदी. सायकलवाले खुशीत. मग 1984 ला जंगलखात्यानं सांगितलं, सायकल बी यंत्रच, ती बी बाहेर. झालं! दोघं एकाच दाराबाहेर उभे."

अक्का हे इतक्या रंगात सांगत होत्या की जणू त्याच मोआबला जाऊन आल्यात. मी मात्र म्हणलं, अक्का, तिथं खडक आहे, चाकानं झिजायला पिढ्या जातील. आपल्या माळावर माती किती? चार बोटं. खाली मुरूम, वर कुसळी आणि पवन्या. एकदा साल निघाली की गवत परत यायला किती पावसाळे लागतील, देव जाणे. अमेरिकेची रेघ इथं जशीच्या तशी ओढून भागायचं नाही.

त्यापेक्षा बारामतीचं बघावं. माझी बहीण तिकडं असते. शिरसुफळ आणि इंदापूरकडचं कडबनवाडी, तिथं गवताळ माळ आहेत. लांडगे, खोकड, चिंकारा. लोक लांडग्याचा फोटो काढायला गाड्या थेट गवतात घालायचे, लांडगा पुढं आणि गाडी मागं. शेवटी 2024 मध्ये वनखात्यानं तिथं सफारी सुरू केली: आधी नोंदणी, ठरलेली वाट, सोबत गावातलाच वाटाड्या. गाडी बंद नाही केली, गाडीला वाट दिली. आणि ज्याला चिखलात रुतायचीच हौस असेल त्यानं इगतपुरीला जावं. महिंद्रानं तिथं त्यासाठी मुद्दाम शाळाच काढलीय. थार नाशिकला तयार होते, शिकवायलाही शेजारीच.

"आमी कासला गेलो होतो तवा," अक्का म्हणाल्या, "गाड्या खाली लावून वर चालत नेलं. माझे गुडघे बोलायला लागले. पण फुलं मातुर राहिलीत बघा." राहिलीत खरी. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव घेतलं, त्यानंतर तर माणसांचा लोंढाच. तिथंही जांभ्या खडकावर मातीचा नुसता पापुद्रा.

तर आपल्या पोरांनी काय केलं? बसले कट्ट्यावर आणि ठरवलं. थार फक्त जुन्या गाडीवाटेनं, बैलगाडीची जी पूर्वापार आहे तिनंच. सायकल पाऊलवाटेनं. पाऊस पडला की पाच दिवस दोघंही घरी. उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते ती कडची पट्टी सोडायची; टिटवी कुठं घरटं बांधते, खड्यांतच अंडी ठेवते, चाकाला ती दिसणार कशी? हुरड्याच्या पार्ट्यांना शहरातून येणाऱ्या गाड्यांना हेच सांगायचं. आणि वाट कळावी म्हणून दगडांना चुन्याची फक्की. आमच्या घरचा दोन किलो चुना त्यात गेला, रंगकामाला आणलेला.

आणि ज्याला कोणी विचारलं नव्हतं तो आला. मेंढ्यांवाला बाबा. पोरं दगड रंगवत होती, तो काठीवर हनुवटी टेकून बघत उभा. म्हणाला, "तुमी दोघांनी वाटून घेतला, लई चांगलं झालं. माझ्या मेंढ्यांनी कुठून जायचं?" पोरं गप्प. त्याच्या बापाच्याही मेंढ्या ह्याच माळावर चरल्या. गायरान म्हणजे काय, हे आमच्या ह्यांना कलमासकट येतं, पण पोरांना ते त्या दिवशी कळलं. मेंढ्यांनी तर उत्तराची वाटही पाहिली नाही. पांढरी रेघ तुडवत सरळ निघून गेल्या.

"मग?"

"मग काय. बाबा म्हणला, मेंढरं कुठूनबी जातील, पण उन्हाळ्यात पाणी लांब पडतंय. गाडी आणताच हाय तर येताना पाणी आणा. आता थार रविवारी पाण्याचे कॅन घेऊन जाती. सायकलवाला मागं बसून कॅन धरतोय, हिंदकळायला नको म्हणून."

"आणि हायवा?"

"पंधरा दिवस झाले, दिसली नाही."

पेपरामागून आवाज आला, "येतील. मार्चअखेर कामं काढतात, तेव्हा मुरूम लागतो."

अक्कांनी तिकडं बघून नाक मुरडलं आणि सुपातली टरफलं झटकली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बाई, एक इचारायचं होतं. ते पाण्याचे कॅन… दोन तुमचे हायत ना, मोठ्याच्या लग्नातले, निळे?"

म्हणलं, "आहेत की. का?"

"न्हाई, नेले पोरांनी. मला वाटलं तुमाला सांगून नेलेत."