लांडगा आला रे, पॅकेज घेऊन!

2020 साली सगळी मुंबई घरात कोंडलेली असताना वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा मोबाईलमधून घरोघरी शिरला. तो लहानपणीच कोडिंग शिकला आणि गुगलने त्याला नोकरी दिली, असं जाहिरात सांगायची. त्याचं वय जाहिरातीगणिक बदलायचं आणि पगार तर वयाहूनही चपळ होता. एकीकडे 1.2 कोटी, दुसरीकडे 20 कोटी, तिसरीकडे चक्क 150 कोटी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या आयांनी आपल्या सोफ्यावर लोळणाऱ्या ऐवजाकडे पाहून सुस्कारे सोडले.

पुढे कळलं की हा वुल्फ जन्मालाच आलेला नव्हता. जाहिराती होत्या व्हाइटहॅट ज्युनियर या मुंबईच्याच कंपनीच्या. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेने डोळे वटारल्यावर कंपनीने ऑक्टोबर 2020 मध्ये त्यातल्या पाच मागे घेतल्या. तोवर बायजूजने सुमारे 30 कोटी डॉलरना ती कंपनी विकत घेऊन टाकली होती. म्हणजे मोठ्या पॅकेजची बातमी अगदीच खोटी नव्हती, फक्त ते पोराला मिळालं नाही.

यातून उपनगर काही शिकलं का? शिकलं की! आता नुसत्या थापेवर कोणी पैसे देत नाही, पुरावा मागतात. त्यामुळे सकाळच्या पेपरातून घरंगळणाऱ्या प्रत्येक पॅम्फ्लेटवर ‘संशोधनाने सिद्ध’ असं ठळक छापलेलं असतं. कोणाच्या संशोधनाने, कुठे, किती मुलांवर, हे मात्र जागेअभावी राहून जातं. जागा उरते ती मेंदूच्या चित्राला. डावा निळा, उजवा केशरी आणि मधून वीज चमकतेय.

मुलुंड पूर्वेच्या एका हॉलमध्ये असाच एक ‘डेमो’ रंगात आला होता. एसी गार, समोसा गरम. काउन्सिलर मॅडमनी पडद्यावर दोन खांब दाखवले. कोर्सच्या आधीचा ठेंगणा, नंतरचा छताला टेकलेला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका औषध कारखान्यात त्यांची हयात गेलेली, नातवाला सोबत म्हणून आलेले.

“ज्या पोरांना हा कोर्स दिलाच नाही, त्यांचा खांब कुठाय?”

“काका, ती मुलं आमच्याकडे नसतात ना.”

“म्हणून तर विचारतोय. जून ते मार्च पोरं कोर्स न करताही वाढतात. आमचा हा दोन इंच वाढला, त्याचंही बिल लावणार का? आणि मधेच सोडून गेलेली पोरं दुसऱ्या खांबात धरलीत की गाळलीत?”

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “काका खूप ॲक्टिव्ह आहेत हं!” सूनबाई पुटपुटल्या, “बाबा, बसा ना आता.” बाबा बसले. सूनबाईंनी तिथल्या तिथे जीपे केलं, कारण ‘अर्ली बर्ड’ सवलत संध्याकाळी सातला संपणार होती. औषधाची नवी गोळी बाजारात आणायची तर आजोबांचे हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. आठ वर्षांच्या मेंदूवर काही आणायचं असेल तर फ्लेक्स पुरतो.

बरं, उत्तरं मिळतच नाहीत असंही नाही. गल्लोगल्ली चालणाऱ्या अबॅकसचंच घ्या. त्याची रीतसर परीक्षा झाली ती आपल्या शेजारच्या वडोदऱ्यात. प्राथमिक शाळेतली 204 मुलं, तीन वर्षं. कोणी अबॅकस शिकायचं आणि कोणी तेवढाच वेळ नेहमीचं जादा गणित करायचं, हे पालकांच्या हौसेवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. अबॅकसवाल्यांची आकडेमोड थोडी सुधारली, पण स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरे जे मूळ सामर्थ्य वाढवायचं वचन असतं, ते जिथल्या तिथेच. ‘तुमचं मूल बेरजा जरा बऱ्या करील’ असा फ्लेक्स लावायचं धाडस मात्र अजून कोणी दाखवलेलं नाही. दहा बोटांचे ठसे घेऊन मूल इंजिनिअर होणार की गायक ते सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ची तर गोष्टच नको. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तिला शास्त्रीय आधार नाही असं बजावलं आहे. ठसे मात्र अजून घेतले जातात, आधार कार्डाइतक्याच श्रद्धेने.

गंमत म्हणजे जगभर ज्याचे दाखले दिले जातात असा एक शालेय प्रयोग याच मुंबईत, पालिकेच्या शाळांत झाला. 1995 मध्ये इथेच सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचा ‘बालसखी’ कार्यक्रम. त्यात ना टॅब, ना मेंदूचं चित्र. वस्तीतलीच, शाळा शिकलेली एखादी मुलगी, तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना 500 ते 750 रुपये मानधन. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं तिने शाळेच्याच वेळात रोज दोनेक तास बाजूला घेऊन बसायचं. व्हरांड्यात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथे. जे येत नाही तिथून सुरुवात, मग ते पहिलीचं असलं तरी चालेल.

2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात ते तपासलं. बॅनर्जी म्हणजे मुंबईत जन्मलेले आणि आईकडून पाटणकर, तेव्हा आपलेच म्हणायला हरकत नाही. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी, उरलेल्यांत दुसऱ्या इयत्तेला. कोणाला काय, ते नशिबावर. म्हणजे आजोबांना हवा होता तो न दिलेल्यांचा खांब जागेवरच उभा. पहिल्या वर्षाअखेर फरक 0.14 प्रमाण विचलन, दुसऱ्या वर्षी 0.28. साध्या भाषेत, शंभरात पन्नासावा असलेला मुलगा एकोणचाळिसाव्या नंबरापर्यंत सरकला. आकडा फ्लेक्सच्या दृष्टीने अगदीच दरिद्री. त्यात आणखी एक खोच होती. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्याने वर्गातली गर्दी कमी झाली, तरी आत उरलेल्या मुलांना त्याचा फायदा दिसला नाही. ‘आमच्याकडे बॅचमध्ये फक्त पंधरा’ म्हणून फी चढवणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

यंत्रांचं काय? वडोदऱ्यात त्याच अभ्यासात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, तर गणितात फरक 0.47 पर्यंत गेला. पेरूने शाळांना लाखो लॅपटॉप वाटले, तर 2012 मध्ये आलेल्या पाहणीत गणित आणि भाषा जैसे थे. म्हणजे यंत्रावर मुलाने नेमकं काय करायचं, यावर सगळं अवलंबून. आपल्या पालिकेने 2015 मध्ये आठवीच्या मुलांना टॅब वाटले, तेव्हा चर्चा रंगली ती खरेदीची आणि श्रेयाची. आजोबांचा प्रश्न विचारायला सभागृहात कोणी आजोबा नसावेत.

बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जिन्याखाली बसून शिकवणाऱ्या मुलींचे फोटो त्या दिवशी घाटकोपरच्या कुठल्या क्लासच्या फ्लेक्सवर झळकले नाहीत. त्यांच्या नावाने कोर्स विकता येत नाही, हे एक कारण असेल.

दुसरं कारण बालसखीच्या या तपासणीवर 2007 मध्ये छापून आलेल्या शोधनिबंधात आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा कमावलेल्यापैकी बरंच ओसरलं होतं, साधारण 0.1 उरलं होतं. हे कोणी धाड घालून शोधून काढलेलं नाही, संशोधकांनी आपणहून छापलं आहे. ‘आमचा परिणाम वर्षभरात ओसरतो’ असं आपल्याच ब्रोशरमध्ये छापणारा एकही क्लास बोरिवली ते मुलुंड या पट्ट्यात कोणाला आढळल्यास, कृपया पत्त्यासह या सदराला कळवावं.