बत्तीसला चौतीस

"कढीपत्ता हवा तेवढा तोड गं, पण काल रात्री तुमच्याकडे एवढा आवाज कसला?"

"काय सांगू काकू! आमच्या धाकट्याचं. उल्हासनगरला, कॅम्प 5 ला जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगला आहे ना तो. 32 च्या पँटींना 34 ची स्टिकरं लागली. अख्खा लॉट व्यापाऱ्यानं परत पाठवला. शेठनं सगळ्यांसमोर त्याला झापलं, वर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पँटीचा फोटो टाकून खाली याचं नाव. पगारातून 2,000 कापले ते वेगळेच. पोरगा जेवला नाही, आणि ह्यांचं आपलं एकच, सोड ती नोकरी. त्यावरून जुंपली."

"पण चूक झालीच होती ना?"

"झाली की! तो कुठं नाही म्हणतोय? पण दोन्ही साइजची स्टिकरं एकाच खोक्यात, दोन्ही पांढरी. टेम्पो दारात उभा, त्या घाईत गठ्ठा बदलला. हे सांगायला गेला तर शेठ म्हणे, उलट उत्तरं देतोस!"

"आणि खोकं अजून एकच?"

"एकच."

"घ्या! मग उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून तेच होणार, लिहून ठेव. आणि तो काही सांगायला यायचा नाही."

"झालंच की तसं. परवा कटिंगला एकाचा ताका वाकडा कापला गेला. त्यानं गुपचूप तुकडे ढिगाखाली सारले. पँट शिवून झाल्यावर बघतात तर एक पाय पिळलेला!"

"बघ. आमचे जावई चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहेत. तिथं काही चुकतंय असं वाटलं की कामगारच दोरी ओढतो, सुपरवायझर धावत येतो आणि आधी विचारतो, काय झालं? टोयोटाची पद्धत म्हणे, जपानातली. आता तिथले साहेब संत आहेत असं नाही हं! खरडपट्टी तिथंही निघते. पण त्याच दिवशी, आणि केबिनचं दार लावून."

"आमच्या थोरलीचं उलटंच. तिची मॅडम वर्षभर गोडगोड. मार्चमध्ये कामाच्या मूल्यमापनाचा फॉर्म हातात आला तेव्हा कळलं, बाईनं जूनमधली चूक जपून ठेवली होती."

"अगंबाई! त्यापेक्षा तुझा शेठ परवडला."

"पण काकू, असे 2,000 कापता येतात का हो?"

"आमचे हे युनियनमध्ये होते, म्हणून मला पाठ आहे. 1936 चा पगाराचा कायदा सांगायचा, महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर दंड नाही. आता त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तोच आकडा ठेवलाय. 15,000 पगार असेल तर 450. तेसुद्धा आधी त्याचं म्हणणं ऐकून. आणि दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्याच कामी लावायचा असतो. नुकसानीपोटी कापले म्हणाला, तर त्याच्या हयगयीनं जेवढं नुकसान झालं तेवढंच. ऐकून घेणं तिथंही सुटत नाही."

"हे शेठला सांगणार कोण?"

"तुझा लेक. पण ग्रुपवर नाही हं, एकट्याला गाठून. आधी म्हणायचं, शेठ, चुकलं. मग म्हणायचं, दोन खोकी करा. आणि मग पगाराची चिठ्ठी पुढं धरून विचारायचं, हे 2,000 दंडात लिहिलेत की नुकसानीत? त्याची नोंदवही ठेवावी लागते म्हणावं."