मूठभर कीटो

सॅन दिएगोतल्या एका मराठी गृहस्थांनी दिवाणखान्यात चारशे लिटरचा समुद्र मांडला, तो प्रवाळ पाळण्यासाठी. सध्या ते दर रविवारी शेवाळ कापतात. कीटोमॉर्फा नावाचं हे शेवाळ दिसतं थेट भांडी घासायच्या काथ्यासारखं, फक्त हिरवंगार. छंदातली माणसं त्याला लाडानं ‘कीटो’ म्हणतात. “कीटो जोरात चाललंय,” असं ते एकदा फोनवर बोलून गेले, तर ठाण्याच्या मावशी काळजीत पडल्या. “म्हणजे भात सोडलास की काय रे?”

शेवाळ मुद्दाम पाळण्यामागे हिशेब आहे. मासे खातात, घाण करतात, तिच्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात साठतं आणि त्यावर नको ती शेवाळं खडकांवर, काचांवर, प्रवाळांच्या मानगुटीवर माजतात. म्हणून टाकीखालच्या कपाटात, ‘संप’ नावाच्या जोडटाकीत, हवं ते शेवाळ वाढवायचं. वरचा माल त्यानं आधीच फस्त करायचा. त्याचा दिवा मात्र रात्री लावायचा. वरचे दिवे मालवल्यावर पाण्यात वाढणारा कार्बन डायऑक्साइड ते वापरतं, त्यामुळे पीएच फारसा घसरत नाही. कपाटाच्या फटीतून रात्रभर जांभळा उजेड झिरपतो. कॅलिफोर्नियात घरी गांजाची सहा रोपं लावायला कायद्याची हरकत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही. फक्त ते जरा जास्त आपुलकीनं हात हलवू लागले.

या गावात कीटोच का, याला मात्र इतिहास आहे. पूर्वी हौशी लोक कॉलर्पा पाळत. दिसायला सुरेख, पण गुण असे की एका रात्रीत सगळी शक्ती जननपेशींत ओतून मरून जातं आणि सकाळी टाकीत पोपटी ताक! त्यातलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ साली मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात दिसलं, तेव्हा जेमतेम एक चौरस मीटर होतं. पुढे भूमध्य समुद्रात त्यानं हजारो हेक्टर व्यापले. तुटला तुकडा की झालं नवं रोप. जून २०००मध्ये तेच वाण सॅन दिएगोच्या उत्तरेला, कार्ल्सबॅडच्या खाजणात सापडलं. पाणबुड्यांनी त्यावर ताडपत्र्या अंथरल्या आणि खाली क्लोरीन सोडला. ‘संपलं’ असं जाहीर व्हायला २००६ उजाडलं आणि खर्च झाला सत्तर लाख डॉलरच्या आसपास. २००१मध्ये राज्यानं अशा नऊ जातींवर बंदी घातली. कॉलर्पाची काही भावंडं मालवणच्या खडकांवरही असतात. तिथे त्यांच्यावर कोणी ताडपत्री टाकत नाही.

तर कीटो. महिन्याभरात मुठीचं कलिंगड होतं. कापलं नाही, तर गोळ्याच्या आत उजेड पोचत नाही, आतला भाग कुजतो आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत ओकतो. म्हणून कापायचं. कापलेलं वाटायचं, विरजण वाटावं तसं. गृहस्थांनी ओळखीतल्या सगळ्या टाकीवाल्यांना दिलं. पुढे पुढे त्यांची गाडी दिसली, की लोक घरात नसत. उरलेलं गटारात किंवा समुद्रात सोडायचं नाही, गोठवून मगच कचऱ्यात टाकायचं, असा इथला दंडक. तेव्हा एका रविवारी आतून आवाज आला, “अहो, फ्रीझरमधली ही मेथी कधीची?”

मग नायट्रेट शून्यावर आलं. गृहस्थांनी कागदावर तारीख लिहून ठेवली. पंधरा दिवसांत प्रवाळ फिके पडले आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, शेंबडासारखा थर आला. पाण्यातलं पोषण पार संपलं, की त्यांचं फावतं. आता? आता नायट्रेटची बाटली विकत आणायची आणि रोज थेंब मोजून घालायचे. जे काढायला दोन वर्षं घातली, ते पैसे मोजून परत! बाटली येईपर्यंत कीटोही उपाशी राहून पांढरं पडलं होतं. हात लावताच त्याचा चुरा झाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी एका टाकीवाल्याला फोन लावला. दोनदा उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा उचलला, आणि गृहस्थ काही बोलायच्या आत पलीकडून घाईघाईनं आवाज आला, “नको हो, आमच्याकडे अजून आहे!”