आधी लगीन गाडीचं

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत डोंगर चढणाऱ्यांचे बरेच प्रकार आहेत. कुणी फोटोसाठी चढतो, कुणी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून. आमचे काका गाडी लावायला डोंगरावर जातात. गाडी मनासारखी लागली की त्यांचा निम्मा डोंगर सर झालेला असतो. परत आल्यावर ती जागच्या जागी दिसली की उरलेला निम्मा. मधले आठ-नऊ मैल ते काकूंच्या आग्रहाखातर चालतात.

त्यांनी मनावर घेतली आहे ती ॲपलेशियन ट्रेल. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी सुमारे २,१९० मैलांची पायवाट. खूण म्हणून झाडाझाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे. पाच-सहा महिने काढून ही वाट एका दमात चालणारे लोक आहेत, पण ते गाडीबिडीच्या पलीकडे गेलेले असतात. काकांसारखे नोकरदार ती तुकड्यातुकड्याने चालतात. आता तुकडा म्हटला की दोन टोकं आली, टोक म्हटलं की रस्ता आला, आणि रस्ता आला की गाडी कुठे लावायची हे आलंच.

काका मूळचे पुण्याचे. आज तारीख सम की विषम, म्हणजे गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला, हे बघून घराबाहेर पडण्यात आणि उचलून नेलेली स्कूटर सोडवून आणण्यात त्यांचं तारुण्य गेलं. फुकटात मोकळी दिसणारी जागा त्यांना अजूनही संशयास्पद वाटते. "मोकळी आहे म्हणजे काहीतरी कारण असणार," असं म्हणून ते खाली उतरतात.

उतरल्यावर जे चालतं ते बघण्यासारखं असतं. मागे एकदा आडबाजूच्या एका लॉटमध्ये आम्ही चौघं पाठीवर पिशव्या अडकवायला आतुर, आणि काका कमरेत वाकून खडी न्याहाळतायत. एका कोपऱ्यात ते उकिडवे बसले, बोटाने माती उकरली आणि तळहातावर चार दाणे घेऊन आले. खडीसाखरेसारखे, हिरवट. गाडीची काच फुटली की तिचे असे दाणे होतात. "जुने आहेत हो, पावसाने धुतलेत," काकू म्हणाल्या. "जुने असले तरी काचेचेच ना?" आम्ही मुकाट्याने गाडीत बसलो. पुढचा लॉट चार मैलांवर होता. तिथे काच नव्हती, पण मोबाइलला रेंजही नव्हती. तिसरा पसंत पडला तेव्हा डब्यातले पोहे गार झाले होते.

त्यांचे नियम ठरलेले आहेत. सामान डिकीत टाकायचं ते घरून निघतानाच, लॉटमध्ये पोहोचल्यावर नाही. "बघणारा झाडीत बसलेला असतो." डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून उघडा ठेवायचा, म्हणजे काच फोडण्याआधीच चोराची निराशा व्हावी. काचेआड 'संध्याकाळी पाचला परत येऊ' अशी चिठ्ठी ठेवणाऱ्यांची त्यांना कीव येते. "आमंत्रणपत्रिका आहे ती, वेळेसकट!" सगळं काढून घेतल्यावर डॅशबोर्डवर फक्त गणपती उरतो. त्यालाही जाता जाता "लक्ष असू दे रे" असं बजावलेलं मी ऐकलं आहे.

थट्टा सोडली तर काकांचं काही चुकत नाही. या वाटेवर मुरलेली माणसंही हेच सांगतात. नवखा माणूस अस्वलाच्या भीतीने अर्धमेला होतो, पण अस्वल बहुतेक वेळा चाहूल लागताच आपल्या वाटेने निघून जातं. आडरस्त्यावर दिवसभर एकट्या उभ्या राहिलेल्या गाडीचं तसं सांगता येत नाही. काकांनी तर जनावरांचाही अभ्यास केला आहे. थंडीत इकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या खारट चवीपायी व्हर्मांटसारख्या ठिकाणी साळिंदर गाडीखालच्या नळ्या आणि वायरी कुरतडतं. हे कळलं त्या दिवशी काकांनी व्हर्मांट राज्य पुढच्या जन्मावर टाकलं.

खरी बहार येते ती दोन गाड्यांच्या बेतात. एक गाडी शेवटाला ठेवून यायची, दुसरीने सुरुवातीला जायचं, चालायचं, पहिलीत बसून दुसरी आणायला जायचं. चालणं पाच तासांचं आणि गाड्यांची ने-आण तीन तासांची. एकदा कल्व्हर्स गॅपहून निघून दिवसभर कडा तुडवत आम्ही हाय पॉइंटजवळच्या लॉटमध्ये गाडीपाशी पोहोचलो, आणि तिची किल्ली कल्व्हर्स गॅपच्या गाडीतल्या जाकिटात निघाली. काका त्यावर एवढंच म्हणाले, "गाडी मात्र झकास जागेवर लागली आहे." तेव्हापासून निघताना आधी काकू "किल्ली?" विचारतात, मग गणपती बाप्पा मोरया.

यावर तोडगा म्हणून पार्सिपनीच्या एका जोडप्याशी तह झाला. त्यांनी त्या टोकाने निघायचं, आपण या टोकाने. मध्यावर भेटायचं, किल्ल्यांची अदलाबदल करायची, आणि एकमेकांच्या गाड्या चालवत घरी. उत्तम योजना. पण त्या भेटीत वाटेची चौकशी कोण करतो? "कुठे लावलीय? सावलीत? शेजारी कोण आहे?" काकूंचं म्हणाल तर त्यांना पार्सिपनीकरांची गाडी आतून फारच स्वच्छ वाटली, आणि तो विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही.

या वाटेची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ साली मांडली आणि १९३७ मध्ये वाट सलग जोडली गेली. त्याच काळात व्हर्जिनियातल्या शेनांडोआच्या माथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटाररस्ता निघाला, तेव्हा मकाय त्याच्या विरोधात होते. डोंगरमाथा तरी मोटारींपासून वाचावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. काकांना मुळीच नाही. १०५ मैलांचा रस्ता, पायवाट त्याला पुन्हापुन्हा छेदते, बहुतेक छेदांपाशी लॉट, आणि प्रवेशालाच पैसे घेणारा रखवालदार! "मकायना काय जातंय बोलायला? त्यांना गाडी लावायची नव्हती."

पैसे द्यावे लागले की काकांना हायसं वाटतं, हे इतरांना कळत नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायला टॅग घ्यावा लागतो, दिवसाचे पाच डॉलर. बाकीचे कुरकुरले, काकांनी पावती पाकिटात जपून ठेवली. उलट न्यूयॉर्कमध्ये पॉलिंगजवळ या वाटेवरच रेल्वेचं छोटं स्टेशन आहे, शनिवार-रविवारी मोजक्या गाड्या थांबतात. मी ते मोठ्या उत्साहाने सांगितलं. गाडी न्यायचीच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला! काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि आपल्याकडच्या स्टेशनवर कुठे लावायची?"

सध्या त्यांना कटाडिनचे वेध लागले आहेत. डोंगरासाठी नव्हे. बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये ट्रेलहेडवरची जागा आधी आरक्षित करता येते. तुमच्या नावाची जागा, अगदी नाटकाच्या तिकिटासारखी. फक्त सकाळी सातच्या आत पोहोचायचं, नाहीतर ती दुसऱ्याला. हे सांगताना काकांचा आवाज थोडा कापतो. मध्ये अजून नऊ-दहा राज्यं चालायची राहिली आहेत, तरी आदल्या रात्री मुक्काम कुठे, पहाटे किती वाजता निघायचं, इथपर्यंत त्यांचं ठरलं आहे.

"आणि शिखरावर किती वाजता पोहोचायचं, काका?"

"अरे, ते तुम्ही जाऊन या. मी गाडीपाशी थांबतो."